नवा रेडिएटरही त्याच जागी तडकतोय? आधी तडा कुठे पडलाय ते बघा

रेडिएटर फुटला, बदलला, आणि वर्ष व्हायच्या आत नवाही तसाच फुटला, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं आणि तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा रेडिएटर वाचला असता.

पहिल्यांदा बोनेट उघडलं तेव्हा वरचा होज पाइप प्लास्टिकच्या टाकीच्या ज्या नळीवर चढवलेला असतो तिच्या मुळाशी केसाएवढी चीर होती आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) वाळून भोवती हिरवट-पांढरी खपली धरली होती. इपॉक्सी लावलं, तीन आठवडे टिकलं. मग घरीच नवा रेडिएटर बसवला, सगळं कोरडं, टेंपरेचरचा काटा जागच्या जागी. सातव्या महिन्यात परत तोच गोडसर वास आणि गाडीखाली ओल. मी धरून चाललो की माल खराब निघाला. पण जुना रेडिएटर टाकायचा राहून गेला होता, तो आणून नव्याशेजारी ठेवला आणि बघतो तर दोन्हीचे तडे नळीच्या खालच्या अंगाला, एकाच दिशेने गेलेले. एक गाडीबरोबर आलेला, दुसरा मागाहून आणलेला, दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे, आणि चीर मात्र तिथल्या तिथेच. म्हणजे त्या नळीला रोज काहीतरी ओढत होतं. शोधल्यावर सापडलं की इंजिनाचं एक माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते) फाटलंय, गाडी जागेवरून उचलली की इंजिन एका अंगाला कलतं आणि वरचा होज पाइप त्या नळीला हिसका देतो. आधी माउंटिंग बदललं, मग तिसरा रेडिएटर बसवला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, थेंबसुद्धा नाही.

म्हणून फुटलेला रेडिएटर भंगारात द्यायच्या आधी त्याचा तडा नीट बघा. कुठे पडलाय, कुठून कुठे गेलाय, कडा कशा आहेत, यावरून तो का पडला हे बऱ्याचदा कळतं.

गळतंय ते रेडिएटरच आहे ना

हे आधी पक्कं करा. गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे रेडिएटर फुटलाच असं नाही. एसी चालू असताना खाली टपकतं ते साधं पाणी असतं, त्याला वास नसतो, रंग नसतो, बोटावर चिकट लागत नाही. कूलंट चिकट लागतं आणि गोडसर वास येतो (वास पुरे, चव अजिबात घेऊ नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं). कूलंटच असेल तर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. डाग अगदी पुढे असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाइप, इंजिनाच्या पट्ट्यांच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. गाडीच्या आत गालिचा ओला असेल, हिटर लावल्यावर काचेवर तेलकट धुकं धरत असेल, तर हिटरची जाळी गळतेय आणि ते काम वेगळंच आहे.

डाग दिसत नाही पण कूलंट कमी होतंय, असं असेल तर हाताने पंप मारायचा प्रेशर टेस्टर मिळवा, भाड्याने मिळाला तरी चालेल. इंजिन थंडगार असताना कॅपच्या जागी तो बसवायचा, कॅपवर छापलंय तेवढंच प्रेशर भरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला म्हणजे गळती नक्की आहे, मग टॉर्च घेऊन शोधा. थंड इंजिनावर हे करण्याचा फायदा असा की गळलेलं कूलंट वाळून उडून जात नाही, तिथेच दिसतं, गरम इंजिनावर बारीक गळतीची वाफ होते आणि हाती काही लागत नाही. घरी कंप्रेसर आहे म्हणून थेट त्याची हवा रेडिएटरात भरू नका, कॅपचं प्रेशर साधारण एक बारच्या आसपास असतं, कंप्रेसरचं त्याच्या कित्येक पट, टाकी फुटून तुकडे तोंडावर येतील.

आणि हे कितीदाही सांगितलं तरी कमीच आहे: गरम असताना कॅप उघडायची नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही ते फक्त प्रेशरमुळे. कॅप सैल केली की प्रेशर जातं आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन बाहेर उसळतं. वरचा होज पाइप हाताने दाबून बघा, मऊ आणि थंड लागला तरच हात लावा. तास-दोन तास सहज लागतात, तेवढं थांबा.

तडा काय सांगतो

आजकालच्या बहुतेक गाड्यांत मधली जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक म्हणजे काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन, टाकीवर नीट बघितलं तर कुठेतरी पीए ६६ जीएफ ३० असा छाप सापडतो, म्हणजे नायलॉन ६६ आणि त्यात ३० टक्के काचतंतू. टाकी आणि जाळीच्या मध्ये रबराचं गॅस्केट असतं आणि जाळीच्या काठाचे अॅल्युमिनियमचे दात वरून वाकवून टाकी घट्ट आवळलेली असते. जुन्या गाड्यांत सगळंच तांब्या-पितळेचं आणि डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेलं असायचं, ते डाग देऊन परत दुरुस्तही व्हायचं, नायलॉनचं तसं नाही.

टाकी तपकिरी पडलीय, नखाने खरवडलं तर भुकटी निघतेय, बारीक चिरांचं जाळंच झालंय, तर ते वय आहे. वर्षानुवर्षं गरम कूलंटमध्ये राहून नायलॉन ठिसूळ होतं. तिथे दुसरं कारण शोधत बसू नका, रेडिएटर बदला आणि होज पाइपही त्याच वयाचे असतील तर तेही बदला.

टाकी वरून चांगली दिसतेय पण मधोमध लांब चीर गेलीय, किंवा टाकी फुगल्यासारखी झालीय, किंवा आवळलेले दात एका बाजूला उघडलेत, तर आत जास्त प्रेशर होतंय. नवा रेडिएटर वर्षाच्या आत असा गेला तर हे हमखास डोक्यात यायला हवं. यावर पुढे वेगळं लिहितो.

चीर नळीच्या मुळाशी असेल तर नळीला कुणीतरी ओढतंय, वाकवतंय किंवा आवळतंय. फाटलेलं इंजिन माउंटिंग हे एक कारण, माझं तेच होतं. दुसरं, चुकीच्या लांबीचा होज पाइप ताणून बसवलेला असणं. तिसरं म्हणजे स्क्रूची क्लिप जीव खाऊन आवळलेली असणं, हे फार बघायला मिळतं, गळती थांबेना म्हणून माणूस अजून एक पीळ देतो, अजून एक देतो आणि नळीच बसते. कंपनीतून जी स्प्रिंगची क्लिप येते ती बघायला किरकोळ वाटते पण गरम-थंड होताना रबर आणि नळी फुगते-आकसते तसतशी ती स्वतः सैल-घट्ट होत राहते, म्हणून ती चांगली असेल तर फेकू नका, तीच परत लावा.

चीर खालच्या कोपऱ्यात, रेडिएटर ज्या खुंट्यांवर उभा असतो तिथे असेल तर रबरी बुश बघा. ते हरवलेलं असतं किंवा दाबून दगडासारखं झालेलं असतं, मग रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ टाकीला बसतो. पुढून कधी गाडी ठोकली गेली असेल आणि रेडिएटर जिथे बसतो ती पट्टी किंचित वाकडी झाली असेल तरी रेडिएटर पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि त्याच कोपऱ्यात तडकतो. दोन्ही कोपऱ्यांतून तिरकं अंतर मोजा, दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत.

मधल्या जाळीतल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांनाच भोक असेल तर दोन शक्यता. एकच भोक, पुढच्या बाजूने, कडा आत वळलेल्या, तर दगड. बारीक बारीक टाचणीएवढी भोकं दोन-चार ठिकाणी, तर आतून गंज. गंज म्हणजे एक तर वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं साधं पाणी घातलंय, नाहीतर कूलंटमधून वीज वाहतेय. वीज ऐकून विचित्र वाटेल पण अर्थिंगची वायर सैल किंवा गंजलेली असली की करंट परत जायला कूलंटचा रस्ता धरतो आणि अॅल्युमिनियम झपाट्याने खातो. तपासायला साधा मल्टीमीटर लागतो. इंजिन थंड, कॅप उघडी, मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायरचं टोक कूलंटमध्ये बुडवून, कुठल्याही धातूला न टेकवता. मग हेडलाइट, पंखा, एसी एकेक करून चालू करायला सांगा आणि सेल्फ मारायला सांगा, तेवढा वेळ हात-बाह्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक, ०.३ च्या वर गेलं तर नक्की भानगड आहे. जे चालू केल्यावर आकडा उडी मारतो त्याची अर्थ वायर साफ करून घट्ट करा. हे न करता रेडिएटर बदललात तर तोही तसाच जाईल.

प्रेशरचं प्रकरण

इथे दोनच मुख्य संशयित आहेत, कॅप आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा भाग यांच्यामधलं सील).

कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, तिच्यात दोन वाल्व असतात. एक, ठरलेल्या प्रेशरच्या वर गेलं की जास्तीचं कूलंट शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडतो. दुसरा, इंजिन थंड होताना आत ओढ लागली की बाटलीतलं कूलंट परत आत घेतो. साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस, निम्मं इथिलीन ग्लायकॉल निम्मं पाणी असं मिश्रण साधारण १०७ ला उकळतं, आणि त्यावर १५ पीएसआयची (साधारण एक बारची) कॅप लावली की तेच १२५ च्याही पुढे जातं. कॅपचा उपयोग हा. पण पहिला वाल्व चिकटला तर प्रेशर सुटत नाही आणि सगळ्यात कमजोर जागा फुटते, ती बहुतेक वेळा प्लास्टिकची टाकी असते. दुसरा चिकटला तर सकाळी वरचा होज पाइप आत चेपलेला दिसतो. अजून एक, कुणीतरी मापात बसते म्हणून जास्त प्रेशरची कॅप लावून दिलेली असते. झाकणावरचा आकडा बघा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. ०.९ (बार) लिहिलंय तर ०.९ चीच पाहिजे, १.३ ची लावली तर गाडी जास्त थंड राहते वगैरे काही नाही. कॅप ही या सगळ्यातली स्वस्तातली वस्तू आहे, रेडिएटर बदलताना कॅप नवी घ्याच.

हेड गॅस्केटचं बारीक लिकेज जास्त फसवं असतं. तेलात पाणी नाही, धूर नाही, गाडी मस्त पळतेय, पण सिलिंडरमधला जळलेला वायू थोडा थोडा कूलंटमध्ये घुसत असतो आणि प्रेशर वाढवत असतो. ओळखायचं कसं? सकाळी थंड गाडी चालू करा आणि एक-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दाबून बघा. अजून पाणी गरमही झालेलं नसताना पाइप दगडासारखा कडक झाला तर प्रेशर उष्णतेचं नाही, सिलिंडरचं आहे. किंवा रात्रभर गाडी उभी राहूनही सकाळी कॅप फिरवल्यावर फुस्स आवाज आला तरी तेच. पक्की खात्री करायला एक टेस्ट मिळते, निळ्या द्रवातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा खेचायची, जळलेला वायू असेल तर निळा द्रव पिवळा होतो. झाला पिवळा, तर रेडिएटर बदलायची घाई अजिबात करू नका, आधी हेडचं काम. ते घरी करण्यासारखं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, हेड सपाट आहे का ते मोजावं लागतं, कधी घासून घ्यावं लागतं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने आवळावे लागतात.

इंजिन माउंटिंग तपासायला दुसरा माणूस लागतो. हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर घट्ट, तुम्ही गाडीच्या बाजूला उभे, पुढे अजिबात नाही. ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर मध्ये टाकायला सांगा, साधा गिअर असेल तर क्लच अगदी थोडा सोडायला सांगा. इंजिन थोडं हलणारच, पण इंचभर किंवा जास्त उसळत असेल, ठक असा आवाज येत असेल, तर माउंटिंग गेलंय. त्याच वेळी वरच्या होज पाइपकडे बघा, मला तिथेच उत्तर मिळालं, पाइप नळीला अक्षरशः खाली खेचत होता.

तात्पुरतं काम चालवायचं असेल तर

रेडिएटर मिळायला दोन दिवस लागणार आहेत आणि गाडी जवळपास हलवायची आहे, एवढ्यापुरतंच हे करा. नायलॉनला साधं इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून पृष्ठभाग तयार करण्यातच सगळं यश आहे. कूलंट काढून टाका, जागा पूर्ण कोरडी करा. चिरेच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचं बारीक भोक पाडा म्हणजे चीर पुढे पळत नाही. चीर व्हीच्या आकारात थोडी खरवडा, भोवतीची दोन-तीन सेंटिमीटर जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीत करा, भुसा आत पडू देऊ नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि परत बोट लावू नका. मग उष्णता सहन करणारं दोन भागांचं इपॉक्सी, जमलं तर मध्ये फायबरग्लासच्या कापडाचा तुकडा घालून. आणि पाकिटावर लिहिलाय तेवढा पूर्ण वेळ वाळू द्या, बऱ्याच इपॉक्सींना २४ तास लागतात, लोक दोन तासात पाणी भरतात आणि मग म्हणतात टिकलं नाही.

सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिक वितळवून, स्टीलची बारीक जाळी आत दाबून वेल्डिंग करणारेही आहेत आणि ते इपॉक्सीपेक्षा बरं टिकतं, पण भरायची काडी नायलॉनचीच पाहिजे, दुसरं प्लास्टिक त्याला धरत नाही. नायलॉन २६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि ते पाणी शोषून ठेवतं, ओलं असताना वितळवलं तर बुडबुडे येतात आणि जोड सच्छिद्र होतो. आधी चांगलं सुकवा. धूर घेऊ नका, उघड्यावर करा. नळीच्या मुळाशी तडा असेल तर मात्र दोन्ही उपायांवर भरवसा ठेवू नका, तिथे ताण येतच राहतो.

जाळीतली एखादी नळी दगडाने फुटली असेल तर भोवतीच्या पात्या काढून, नळी भोकाच्या दोन्ही बाजूंना कापून, टोकं चिमट्याने दुमडून वर इपॉक्सी लावता येतं. एक-दोन नळ्या बंद झाल्याने फार फरक पडत नाही.

बाटलीतून ओतायचं लिकेज बंद करणारं औषध मी टाळतो. टाचणीएवढ्या भोकाला ते लागू पडतं कधीकधी, पण जे भोक बुजवतं तेच हिटरच्या बारीक नळ्याही बुजवतं, आणि टाकीला पडलेल्या तड्याला त्याचा काहीच उपयोग नाही. रस्त्यात अडकलात आणि दुसरा मार्गच नसेल तर टाका, पण नंतर पूर्ण सिस्टिम धुवा.

चालवताना काटा वर चढायला लागला तर एसी बंद, हिटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात, तो छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता खेचतो. तरी काटा उतरत नसेल तर बाजूला घेऊन बंद करा, अजून थोडंच अंतर आहे म्हणून पुढे जाऊ नका. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो, मग रेडिएटरची गोष्ट किरकोळ वाटायला लागते.

बदलताना

जुना आणि नवा शेजारी ठेवून जुळवा, हे खोलण्याच्या आधी जेवढं दिसतं तेवढं आणि काढल्यावर पूर्ण. नळ्यांचा व्यास, खुंट्यांची जागा, पंख्याचे बोल्ट, सेन्सरचं भोक, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ऑइल थंड करायच्या दोन जोडण्या. ऑटोमॅटिकवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघायची, गिअर ऑइल गुलाबी दुधासारखं झालंय का. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं. तसं दिसलं तर गाडी चालवू नका.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. कित्येक गाड्यांत चावी काढलेली असली तरी पंखा अचानक सुरू होतो आणि तुमची बोटं त्या पात्यांमध्ये असतात. खाली पसरट टब ठेवा, ड्रेनचा नट उघडा (प्लास्टिकचा असतो, ठिसूळ झालेला असतो, हळू), कॅप उघडा म्हणजे भरभर निघेल. लहान गाडीत एकूण चार-सहा लिटर असतं, मोठ्या गाडीत आठ-दहाही असू शकतं, पण रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनात बरंच राहतं. काढलेलं कूलंट लगेच झाकणाच्या डब्यात भरा. कुत्री-मांजरं गोडसर लागतं म्हणून चाटतात आणि थोड्याशानेही मरतात, लहान मुलांचंही तेच. गटारात किंवा मातीत ओतू नका, गॅरेजमध्ये जुनं ऑइल-कूलंट गोळा करतात तिथे द्या.

होज पाइप चिकटलेला असेल तर आधी पिळून फिरवा, मग ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत तर नळी मोडते. जुना पाइप कडक असेल तर सरळ कापून काढा, नाहीतरी बदलायचाच असतो. एसीचा कंडेन्सर पुढून रेडिएटरलाच अडकवलेला असेल तर तो सोडवून दोरीने वर बांधून ठेवा, पण एसीचे पाइप खोलू नका, आत गॅस प्रेशरखाली असतो. नव्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा चिकटवून बसवा, त्या पात्या नखानेसुद्धा वाकतात. खालची रबरी बुशं नवी घाला. रेडिएटर बुशांवर टेकल्यावर हाताने किंचित हलला पाहिजे, चारी बाजूंनी करकचून आवळून ठेवायची वस्तू नाही ती. होजची क्लिप नळीच्या कडेला जो उंचवटा असतो त्याच्या आत बसवा, उंचवट्यावर नाही. जोर न लावता सगळं बसलं पाहिजे, कुठे ताण वाटला तर तिथेच पुढचा तडा पडणार आहे.

नवा रेडिएटर लावायच्या आधी इंजिन धुवून घ्या, नाहीतर जुना गंज-गाळ सगळा नव्यात जाऊन बसतो. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड.

भरणं आणि हवा काढणं

कूलंटचा रंग बघून घेऊ नका. रंगाला काही ठरलेला नियम नाही, हिरवं-हिरवं एकच असेल असं नाही, लाल-लाल तसंच. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच घ्या, दोन प्रकार मिसळले तर संरक्षण कमी होतं आणि काही वेळा जेलीसारखा गाळ होतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि गंजापासूनही वाचवतं. थंडी पडत नसेल तिथेही कूलंट घालायचंच, गंज थांबवणारी द्रव्यं त्यातच असतात.

धुतल्यावर इंजिनात पाणी राहिलेलं असतं हे लोक विसरतात. समजा सिस्टिम सहा लिटरची आहे आणि चारच लिटर निघालं, म्हणजे दोन लिटर पाणी आतच आहे. आता तयार मिश्रण चार लिटर भरलंत तर निम्म्याऐवजी एक तृतीयांशच कूलंट राहतं. त्याऐवजी तीन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि एक लिटर डिस्टिल्ड पाणी भरा, हिशेब बरोबर बसतो.

सावकाश भरा. हिटर पूर्ण गरमवर, गाडीचा पुढचा भाग थोडा वर असला तर उत्तम, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातून बुडबुडे न येता सलग धार येईपर्यंत थांबा. बॅटरीची तार जोडून, कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा आणि होज पाइप मधूनमधून दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत रहा. पाणी गरम होत जाईल तसं तोंडाशी वर येऊन उसळू शकतं, म्हणून उसळायला लागायच्या आत कॅप लावा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा वाल्व) साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा वरचा पाइप एकदम गरम लागतो. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवा, काट्यावर नजर ठेवा. ज्या गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, प्रेशरची बाटली असते, तिथे बाटलीतून भरायचं, खुणांच्या मध्ये, काठोकाठ नाही. हिटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा अडकलीय, पूर्ण थंड करून परत करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा, थोडी उतरलेली असते, भरा. आठवडाभर रोज सकाळी बघा. नंतर पातळी उतरत राहिली तर गळती आहे किंवा हेड गॅस्केट, वरची होज पाइप दाबायची टेस्ट परत करा. पहिल्या महिन्यात एकदा टॉर्च घेऊन नळ्यांच्या मुळाशी, दातांच्या ओळीवर आणि खालच्या कोपऱ्यांवर नजर फिरवा, पांढरी खपली धरायला लागली असेल तर तिथेच सापडेल. आणि जुना रेडिएटर नवा वर्षभर टिकेपर्यंत घरात ठेवा. मी पहिला फेकला असता तर दुसऱ्याचा तडा शेजारी लावून बघायला काहीच राहिलं नसतं.